ज्याचा त्याचा खुनी

सोमवारी सकाळी दहाला हेमंत कुडतरकर वाहिनीच्या कचेरीत शिरला, तेव्हा त्याच्या मालिकेच्या ताज्या भागावर चार लाख बारा हजार अभिप्राय येऊन पडले होते, आणि त्यांतला एकही वाचायच्या लायकीचा नसणार याची त्याला खात्री होती. ही खात्री आजची नव्हे, चांगली नऊ वर्षं मुरलेली. 'साक्ष काढा' ही त्याची खूनकथांची मालिका दर रविवारी संध्याकाळी अडतीस लाख घरांत बघितली जायची. एवढ्या घरांतून एकही अक्कल निघू नये याचं त्याला पूर्वी नवल वाटायचं, हल्ली तेही वाटेनासं झालं होतं.

प्रेक्षक म्हणजे कोण? हेमंतची व्याख्या तयार असे. प्रेक्षक म्हणजे भाग संपल्यावर शहाणा होणारा प्राणी. बैल गेला अन् झोपा केला, आणि वर ऐट अशी की बैल जाणार हे मला पहिल्या प्रसंगातच कळलं होतं!

लेखकांच्या खोलीत एक फळा होता. आठवड्यातला सर्वांत निर्बुद्ध अभिप्राय छापून, वर 'आठवड्याचा मानकरी' असं लिहून तो तिथे टाचणीने लावायचा, ही हेमंतने पाडलेली प्रथा. लावण्याआधी तो अभिप्राय आवाज काढून वाचायचा. हाताखालचे लेखक पोट धरून हसायचे. काही खरंच हसायचे, काहींना नोकरी हवी होती.

त्या सोमवारी तो नागपूरहून थेट आला होता. आदल्या दिवशी तिथे 'रहस्यकथेचं भवितव्य' या विषयावर त्याचं भाषण होतं, त्यामुळे रविवारचा भाग त्याने बघितला नव्हता. बघायचं काय त्यात? लिहिला त्यानेच होता. दोनशे बारावा खून. माईसाहेब नावाची श्रीमंत म्हातारी भर दुपारी आरामखुर्चीत मरते, हृदयाच्या औषधात काहीतरी गडबड झालेली असते, आणि घरात संशयित चार: मुलगा, सून, भाचा आणि परिचारिका. खुनी भाचा. तो डावखुरा असतो आणि गोळ्यांची पट्टी डावीकडून फाडलेली असते. डावखुरा खुनी हेमंतने याआधी तीनदा वापरला होता, पण अडतीस लाख घरांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे बघा.

त्याने चहाचा कप बाजूला ठेवून अभिप्राय उघडले.

'परिचारिकाच खुनी! तिची चाल बघूनच मी ह्यांना म्हटलं. लेखकांनी जरा अवघड लिहावं. – पुणे.'

"हिने भाग बघितला की दुसरंच काही?" हेमंत म्हणाला.

'मुलानेच मारलं. शिकवून-सवरून मोठं केलं की हेच करतात. डोळ्यांत अंजन घालणारा भाग. – सोलापूर.'

'सून. दुसरं कोण असणार? पहिल्याच प्रसंगात ओळखलं. – नांदेड.'

'सून.' 'सून.' 'मुलगा.' 'नर्सबाई, शंभर टक्के.' 'सून.' मधूनच एखादा भाचा.

पहिल्या पन्नास अभिप्रायांना हेमंत हसला. दोनशे झाल्यावर त्याचं हसू आटलं. माणसं मूर्ख असतात हे ठीक, पण खुनी पडद्यावर हातात बेड्या घालून उभा केल्यावरही तो कोण हे चुकावं? आणि शिवाय प्रत्येकजण छाती ठोकून सांगत होता की मी आधीच ओळखलं होतं. त्याने थेट फोन लावला आणि वाहिनीच्या प्रयोगशाळेतल्या मनवा शेजवलकरला बोलावून घेतलं.

मनवा तिशीची होती. मेंदू आणि डोळे यांच्या संबंधावर तिने पदवी मिळवलेली होती आणि गेली दोन वर्षं वाहिनीत तळमजल्यावर काहीतरी करत होती. काय करत होती हे हेमंतने कधी विचारलं नव्हतं. तळमजल्यावरच्या माणसांना तो सहसा काही विचारत नसे.

"सर, तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" तिने विचारलं. ती खरंच गोंधळली होती.

"काय सांगितलं नाही?"

"शेवटची बारा मिनिटं तुमची नव्हती."

मग तिने खुर्ची ओढून सांगायला सुरुवात केली. आता घरोघरी असलेल्या दूरदर्शनसंचाच्या कपाळावर कॅमेरा असतो. रक्त वाहतं तसा आपल्या चेहऱ्याचा रंग ठोक्यागणिक किंचित बदलत असतो, आपल्याला तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. म्हणजे नाडी हाताला न धरताच कळते. डोळ्यांच्या बाहुल्या किती फाकतात, पापणी लवायची कुठे राहते, श्वास कुठे अडकतो हेही त्याला दिसतं. ज्याच्यावर आपला संशय असतो त्याचा चेहरा समोर आला की हे सगळं बदलतं, आणि गंमत म्हणजे आपल्याला संशय आला हे आपल्या मनाला कळायच्या अर्धा सेकंद आधीच शरीराला कळलेलं असतं. पहिल्या अर्ध्या तासात चौघा संशयितांचे चेहरे सहा-सहा वेळा जवळून दाखवले होते. घड्याळ, कप, गोळ्यांची पट्टी, बंद दार अशा वस्तूही दाखवल्या होत्या. कुठल्या चेहऱ्याला आणि कुठल्या वस्तूला तुमचं शरीर हललं, ते यंत्राने टिपलं. आणि त्यावरून शेवटची बारा मिनिटं जागच्या जागी, त्या त्या घरापुरती तयार केली.

"नटांना आम्ही एक दिवस बोलावून सगळ्या बाजूंनी टिपून घेतलं होतं. बाकी सगळं यंत्रच करतं. ज्याचा ज्याच्यावर संशय, तो त्याच्या घरात खुनी."

"म्हणजे मनी वसे ते स्वप्नी दिसे."

"तसंच. फक्त हे स्वप्न जागेपणी पडतं, आणि संगीतासकट. यंत्राचं नाव आम्ही 'कौल' ठेवलंय. माझं आजोळ मालवणकडचं."

हेमंतही तिकडचाच, कुडाळजवळचा. गावच्या देवळात कौल लावताना त्याने लहानपणी पुष्कळदा बघितलं होतं. गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीला चिकटवतो आणि देवाला गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याचे आजोबा म्हणायचे, कौल देव देतो खरा, पण कुठली पाकळी किती ओली करायची हे गुरवाच्या हातात असतं.

"आणि परवानगी? लोकांच्या डोळ्यांत असं डोकावायची?"

"भाग सुरू होण्याआधी पडद्यावर विचारतो आम्ही. चौदा पानं मजकूर आहे. सगळ्यांनी होकार दाबला."

"एकानेही वाचलं नाही?"

"सर्वांत जास्त वेळ घेतलेल्या माणसाने नऊ सेकंद घेतले. तेही बहुतेक चष्मा शोधत असतील."

आता मात्र हेमंतला मनापासून हसू फुटलं. हे तर त्याच्या नऊ वर्षांच्या मताला शास्त्राने दिलेलं प्रमाणपत्र होतं! लोकांना गोष्ट नकोच असते. त्यांना आरसा हवा असतो, आणि त्या आरशाने म्हणायला हवं, काय हो हुशार तुम्ही. पण हसता हसताच त्याच्या लक्षात आलं की या सगळ्यात त्याचा भाचा मेला होता. त्याचा खुनी कोण, हे ठरवायचा त्याचा हक्क मेला होता.

या हक्कासाठी त्याने एक पद्धत पाळली होती. पहिल्याच वर्षी निर्मात्याने त्याला न विचारता एका कथेतला खुनी बदलला होता. तेव्हापासून प्रत्येक कथा सुरू होण्याआधी हेमंत खुन्याचं नाव कागदावर लिहायचा, पाकिटात घालून पाकीट चिकटवायचा आणि बायकोकडे, वृषालीकडे द्यायचा. ती ते तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायची. भाग झाला की तो ते काढून फाडून टाकायचा. दोनशेच्या आसपास पाकिटं त्या डब्यात राहून गेली होती आणि वृषालीने एकही उघडलं नव्हतं. दर रविवारी ती इतरांसारखीच मालिका बघायची. बघून झाल्यावर काय वाटलं, हे तिने कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

"एक गोष्ट मात्र आम्हालाही कळलेली नाही," मनवा म्हणाली. "अकरा घरं अशी निघाली जिथे खुनीच नाही. चौघांपैकी कुणाच्याही चेहऱ्याला बघणाऱ्याचं शरीर हललंच नाही. तिथे यंत्राने खून रद्द केला. म्हातारी आपली नैसर्गिक मरणाने गेली असं दाखवलं. आम्ही हे त्याला शिकवलं नव्हतं."

"अडतीस लाखांत अकरा बधिर निघणारच."

"मला नाही तसं वाटत. मला त्या अकरा माणसांना भेटायचंय."

"त्यांतल्या कुणी अभिप्राय दिलाय?"

"एकाच घरातून आलाय." तिने तो काढून दिला.

हेमंतने तो वाचला आणि त्याचे डोळे चमकले. या आठवड्याचा मानकरी मिळाला! त्याने तो छापला, लेखकांच्या खोलीत सगळ्यांना गोळा केलं आणि हनुवटी थरथरवत, बोळक्या तोंडाच्या म्हातारीचा आवाज काढून वाचला.

"'कुणीच मारलं नाही. वय झालं होतं, गेल्या. घरातल्या कुणाचा दोष नव्हता. जाताना 'चहा टाकलास का' असं विचारलं, ते फार बरं केलंत. रडू आलं. आभारी आहे. – एक प्रेक्षक, ठाणे.'"

खोली हास्याने दणाणली. "खूनकथा बघायला बसले, आणि खूनच दिसला नाही! उद्या क्रिकेट बघतील आणि म्हणतील चेंडू दिसला नाही, पण खेळाडूंचे कपडे फार स्वच्छ होते!" हेमंत म्हणाला आणि स्वतःच्या हाताने टाचणी खुपसली. मनवा दारात उभी होती. ती हसली नाही.

मंगळवारी सकाळी वाहिनीने सगळं जाहीर करून टाकलं. जाहिरात अशी: 'तुमचा खुनी, तुमचाच! रविवारी तुम्ही कुणाला पकडलंत?' यामागचा हिशेब सरळ होता. आधी लोकांना भांडू द्यायचं, मग का भांडलात ते सांगायचं, म्हणजे ती पुन्हा भांडतात. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही आपली परंपराच आहे. वाहिनीने फक्त झाकण उडवलं.

"तिसऱ्या मजल्यावरच्या सप्र्यांची सून माहेरी गेली," नाश्त्याच्या वेळी वृषालीने सांगितलं. पोह्यांवर ती खोबरं घालत होती. "सगळ्यांनी एकत्र बसून बघितलं होतं. तेव्हा सून खुनी निघाली तर सगळे मिळून हसले म्हणे. आज सकाळी ही जाहिरात वाचली, आणि ती सासूला म्हणाली, तुमचे डोळे की ह्यांचे, तेवढं सांगा. कुणी सांगेना. बॅग घेऊन गेली."

"झकास! अगदी बुद्धीच्या मापाची शिक्षा."

"झकास काय रे त्यात? दोन वर्षांचं पोर आहे तिला."

"मग बघू नये. असल्या लोकांनी बघूच नये काही. भिंतीकडे बघावं."

वृषालीने खोबऱ्याची वाटी झाकून ठेवली. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून ती मागच्या वर्षी निवृत्त झाली होती. बोलण्यापेक्षा बघत राहण्याची तिला सवय होती. "आज माझं पोहणं आहे," ती म्हणाली. "साडेचारपर्यंत येते. आले की चहा टाकते."

या घरात एक गोष्ट होती, ती आता सांगायला हवी. नऊ वर्षांपूर्वी जूनमध्ये हेमंतची आई याच घरात, भर दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या गेली. हृदय थकलेलं होतं. दोन वाजता एक गोळी द्यायची असायची. ती वृषाली द्यायची. त्या दिवशी शाळेत निकालाचं काम निघालं, आणि ती साडेतीनला घरी पोचली. गोळी दिली, उशी सारखी केली. आईने विचारलं, "चहा टाकलास का?" वृषाली चहा टाकायला आत गेली, बाहेर आली तेव्हा सगळं संपलं होतं. हेमंत चित्रीकरणावर होता आणि फोन बंद ठेवून बसला होता. डॉक्टर म्हणाले, दीड तासाने काही फरक पडला नसता, वेळ आली होती.

तेराव्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, वृषालीने त्याला विचारलं होतं, "हेमंत, तुला असं वाटतं का रे, की माझ्यामुळे...?"

"छे!" तो म्हणाला होता. "काहीतरीच काय!"

त्या एका 'छे'वर ती नऊ वर्षं जगली होती. तो शब्द काढून घेतला असता तर तिच्या पायाखाली काहीच उरलं नसतं. हेमंतलाही त्या शब्दाचा अभिमान होता. आपण किती मोठ्या मनाचे, असं त्याला अधूनमधून वाटायचं. आता मोठ्या मनाच्या माणसाला आपलं मन मोठं आहे हे आठवावं का लागतं, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. खूनकथा लिहिणाऱ्याला बाकी सगळे प्रश्न पडतात.

मंगळवारी दुपारी वाहिनीने त्याच्याकडे संमतिपत्र पाठवलं. यापुढे 'साक्ष काढा'चे सगळे शेवट 'कौल' ठरवणार, लेखकाने फक्त संशयित पुरवायचे. हेमंतने सही करायला नकार दिला आणि मनवाला फोन लावून पैज मारली.

"मला कौल लाव. मी घरी बसून तो भाग बघतो. खुनी भाचा आहे हे मला ठाऊक आहे, मीच लिहिलाय. यंत्राला काही कळत असेल तर त्याने मला भाचा दाखवला पाहिजे. दाखवला, तर हे यंत्र गुंडाळा आणि येत्या रविवारी माझा शेवट दाखवा. नाही दाखवला, तर सही करतो."

"सर, ठाऊक असणं आणि संशय असणं वेगळं असतं. यंत्राला तुम्हाला काय ठाऊक आहे त्याच्याशी घेणं नाही."

"मी तुझा सोलापूरचा प्रेक्षक नाही, मनवा."

"बरं. पण सर, घरात कुणी नसताना बघा. प्लीज."

"कुणी असलं तरी काय होणार आहे?"

"मी माझ्या बाबांबरोबर बघितला," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पावणेचारला हेमंतने पडदे ओढले, होकार दाबला (चौदा पानं त्यानेही वाचली नाहीत) आणि सोफ्यावर मांडी ठोकून बसला. संचाच्या कपाळावर बारीक हिरवा ठिपका लागला. भाच्याचा चेहरा आला की तो डोळे वटारून बघायचा, सून आली की मुद्दाम टीपॉयवरच्या चहाच्या डागाकडे. एकदा तर तो मोठ्याने म्हणाला, "भाचा रे बाबा, भाचा! लिहून घे!" यंत्राने काय लिहून घेतलं ते यंत्राला ठाऊक. पडद्यावर माईसाहेबांच्या दिवाणखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ आलं, आणि हेमंतचा श्वास अडकला. त्याला ते कळलंसुद्धा नाही. पुढच्या वेळी ते घड्याळ जरा जास्त वेळ थांबलं.

मग शेवटची बारा मिनिटं सुरू झाली.

पडद्यावर सून होती. ती काहीच करत नव्हती. हातात गोळ्यांची पट्टी घेऊन खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि समोरच्या घड्याळाकडे बघत होती. दोन वाजले. सव्वादोन झाले. आतून म्हातारीने हाक मारली, ती उठली नाही. तीन वाजले. तिचा चेहरा शांत होता. साडेतीनला ती उठली, पट्टीतून एक गोळी काढली, पदर नीट केला आणि घाईघाईने आल्यासारखा चेहरा करून आत गेली. "उशीर झाला हो माई," ती म्हणाली. तपासनीस तिच्या मागे उभा होता. "उशीर झाला नाही," तो म्हणाला. "तुम्ही केलात."

हेमंत हललाही नाही. हे त्याने कधी लिहिलं नव्हतं. पण ती खुर्ची, ते घड्याळ, तो शांत चेहरा त्याने पूर्वी बघितला होता. नऊ वर्षांत पुष्कळदा बघितला होता. पोळी वाढताना, औषधाच्या दुकानासमोरून जाताना, आईच्या वर्षश्राद्धाला वृषाली पान वाढत असताना. दर वेळी अर्धा सेकंद. मग तो मोठ्या मनाचा होऊन दुसरीकडे बघायचा.

मागे काहीतरी सरकलं. वृषाली दारात उभी होती. केस ओले, खांद्याला पोहण्याची पिशवी.

"कधी आलीस?"

"घड्याळात साडेतीन वाजले तेव्हा," ती म्हणाली. "त्यांच्या घड्याळात. तलाव आज लवकर बंद केला."

हेमंत उठला, परत बसला. "यंत्र आहे गं ते! बावळट यंत्र आहे. मी भाचा लिहिलाय. डब्यातलं पाकीट आण, उघडून बघ, भाचा आहे!"

"पाकिटात तू काय लिहितोस, ते मला कधी बघायचं नव्हतं."

ती त्याच्यासमोर खुर्चीत बसली. रागावलेली दिसत नव्हती. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. रागाला त्याच्याकडे वाक्यं होती. मग त्याला एक सुटकेची वाट सुचली, आणि बुडत्याने काडी धरावी तशी त्याने ती धरली.

"तूही बघितलास ना रविवारी? तुला कोण दिसलं? मुलगा ना? मी फोन बंद ठेवला होता, मला माहीत आहे. तुला तेच वाटत असणार. सांग ना, मुलगाच ना?"

"कोणीच नाही."

"कोणीच नाही म्हणजे?"

"त्या आपल्या गेल्या. सून औषध घेऊन आली, त्यांनी चहाचं विचारलं, आणि गेल्या. तपासनीस म्हणाला, घरातल्या कुणाचा दोष नाही, आणि टोपी घालून निघून गेला." ती किंचित हसली. "रविवारी मला कुठे ठाऊक होतं यंत्र वगैरे. मला वाटलं, तू लिहिलंस. नऊ वर्षांनी का होईना, लिहिलंस. चहाचं तर मीच तुला सांगितलं होतं. खूप रडले मी. म्हणून वाहिनीला कळवलं, फार बरं केलंत म्हणून. तुला तोंडावर सांगितलं असतं, तर तू हसला असतास."

हेमंतला फळा आठवला. टाचणी आठवली. आपण काढलेला तो बोळका आवाज त्याच्या कानात वाजला, आणि खोलीभर उठलेलं हसू. अडतीस लाखांतल्या त्या एका माणसाला त्याने स्वतःच्या हाताने भिंतीला टाचलं होतं, आणि ते माणूस रोज सकाळी त्याच्या पोह्यांवर खोबरं घालत होतं. थू! त्याला स्वतःचीच किळस आली.

पडद्यावर भाग संपला होता. 'तुमचा अभिप्राय नोंदवा', अशी अक्षरं आली होती. कपाळावरचा हिरवा ठिपका अजून जळत होता.

"एकदा विचारलं होतं," वृषाली म्हणाली. "आता परत विचारते. मग नाही विचारणार. हेमंत, आई माझ्यामुळे गेल्या, असं तुला वाटतं का?"

'छे' त्याच्या दातांपर्यंत आला होता. एक अक्षर. म्हटलं की झालं, नऊ वर्षांपूर्वी म्हटलंच होतं. पण त्याआधी त्याचा हात पुढे गेला, टीपॉयवरचा रिमोट त्याने उचलला आणि संच बंद केला. पडदा काळा झाला. हिरवा ठिपका विझला.

"छे," मग तो म्हणाला. "काहीतरीच काय!"

वृषाली त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या हाताकडे, त्यातल्या रिमोटकडे बघत होती. दोनशे बारा खुन्यांचे हात अगदी असेच पुराव्यासकट पकडून देणाऱ्या माणसाला स्वतःचा हात तेवढा लपवता आला नव्हता.

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तांदळाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिने पाकीट त्याच्यासमोर टीपॉयवर ठेवलं. त्याला चिकटलेले दोन दाणे तिने झटकले.

"हे आता तुझ्याकडेच ठेवत जा," ती म्हणाली आणि परत आत गेली.

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले. हेमंत कान देऊन ऐकत बसला. पण चहा टाकल्याचा आवाज काही आला नाही.